चौथीच्या वर्गात चार भाषांच्या शिव्या, त्यातली खरी शिवी कुठली आणि नुसती तशी ऐकू येते ती कुठली?

बार्शीकर_बाई

नमस्कार मंडळी, सोलापूरकरांनाच विचारायचंय म्हणून इथं लिहितेय. मी मूळची बार्शीची, बदली होऊन सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत आलेय, चौथीचा वर्ग आहे. वर्गातली निम्मी मुलं घरी तेलुगू बोलतात, काहीजण कन्नड, काहींच्या घरी दखनी म्हणजे इकडची उर्दू, उरलेली मराठी. मधल्या सुट्टीत हे सगळं एकत्र होतं आणि सुट्टी संपली की माझ्या टेबलापुढं रांग लागते, बाई यानं मला शिवी दिली, बाई तो माझ्या आईवरनं बोलला, बाई ती मला घाण बोलली.

परवा एकजण दुसऱ्यावर ओरडला, "बायी मुच्चू!" तर तिसरा धावत आला की बाई तो तुम्हाला काहीतरी म्हणाला. एका मुलीची तक्रार की मला 'मंग्या' म्हणतात. 'कोडका', 'मगने', 'अवनौन', 'नी यम्मा', 'बाडकाव', 'गुद्द' हे रोजचं. 'बे' आणि 'लका' तर मोजतच नाही आता. आणि एका घरी पालकभेटीला गेलो होतो तेव्हा आजींनी दारात हात जोडून एक शब्द उच्चारला, तो ऐकून माझ्यासोबतच्या नवीन मॅडम अक्षरशः दचकल्या. आजींच्या चेहऱ्यावर नुसता आदर होता, त्यामुळं मला एवढं कळलं की शब्द त्यांच्या भाषेतला आहे, आपल्याला वाटतो तो नाही.

मला "शिव्या देऊ नका रे" एवढं म्हणून सोडून द्यायचं नाहीये. ज्याला मी रागावते त्यानं खरंच शिवी दिलीय का हे मला माहीत पाहिजे, नाहीतर ज्याच्या घरची भाषा मला येत नाही तोच दरवेळी बोलणी खाणार आणि जो मराठीत गोड आवाजात घाणेरडं बोलतो तो सुटणार. तर प्लीज यातले अर्थ सांगा, घरात चालतात का, मोठ्या माणसांसमोर चालतात का, किती वाईट धरायचं. संकोच न करता लिहा, मी लहान नाही.

मागावरचा_माणूस

बाई प्रश्न लई चांगला विचारलाय तुम्ही, आमच्या वेळी असं विचारणारं कुणी नव्हतं. आमचे आजोबा तेलंगणातनं आले, मागावर काम करायला, घरात अजून तेलुगूच बोलतोय.

पहिलं त्या आजींचं सांगतो. त्या 'रंडी' म्हणाल्या असणार. तेलुगूत 'रा' म्हणजे ये, आणि 'रंडी' म्हणजे या, यावं. पाहुण्याला, वडीलधाऱ्याला, बाईंना असंच बोलवायचं असतं, त्यांना नुसतं 'रा' म्हणलं तर तो अपमान. म्हणजे आजींनी त्यांच्याकडं जेवढा मान आहे तेवढा तुम्हाला दिला, आणि तोच आवाज हिंदीत सगळ्यात घाण. पूर्व भागातल्या जुन्या मराठी लोकांना हे माहीत आहे, ते काही मनावर घेत नाहीत, नवीन माणूस मात्र हमखास दचकतो. वर्गात एखादं पोरगं बाकावर सरकून जागा करत म्हणत असेल तर ते बोलावणं आहे, दात ओठ खाऊन म्हणत असेल तर ते हिंदीतनं आलंय. आणि खरी गोष्ट अशी की तेलुगू पोरांना यावरनं चिडवतात, "तुमच्यात आईला पण रंडी म्हणतात" असं. माझ्या पोरीला असं चिडवल्यावर ती घरी येऊन म्हणाली मी आता आत्याला तेलुगूत बोलवणार नाही. बाई, त्या चिडवणाऱ्याला धरा, शिवी त्यानं दिलेली असते.

कोडुकु म्हणजे मुलगा, त्याची हाक 'कोडका'. बाप पोराला म्हणतो तेव्हा लाडाचं. परक्यानं परक्याला 'ना कोडका' म्हणलं, म्हणजे माझ्या पोरा, तर त्याचा अर्थ तुझा बाप मी, आणि तिथनं गोष्ट आईवर जाते. चौथीच्या पोराला एवढं कळत नसतं पण आवाज चढला की ती शिवीच धरायची. त्याच्या आधी 'लंज' लागलं तर विचार करू नका, मराठीत रांडेच्या म्हणतो तसं आहे ते, थेट थांबवा.

गुद्द चं जरा नीट ऐका. 'गुड्ड', ड वाला, म्हणजे कापड. आमचा जन्म त्यात गेला, टॉवेल काय चादर काय सगळं गुड्डच. 'गुद्द', द वाला, म्हणजे ढुंगण, आणि ते पण घाण बोलीतलं, घरात बायामाणसांसमोर कुणी बोलत नाही. 'गुड्डु' म्हणजे अंडं. आता मराठी पोरगं म्हणतं "एक गुद्दा घालीन", तेलुगू पोरगं खिदळायला लागतं, मराठी पोराला वाटतं हा मला हसायलाय, मारामारी सुरू. गंमत म्हणजे बुक्कीला तेलुगूत पण 'गुद्दु' च म्हणतात, त्यामुळं तेलुगू पोरगं "गुद्दुता" म्हणलं तर तो फक्त मारीन म्हणतोय, घाण बोलत नाहीये. शेवटचं अक्षर ऐकायचं.

आणि पावसाळ्यात डासांवर माहिती सांगाल तेव्हा 'डेंग्यू' मधला ग्यू नीट उच्चारा. 'डेंगू' म्हणलं की आमच्याकडच्या मोठ्या पोरांना तेलुगूतलं एक घाण क्रियापद ऐकू येतं, शरीरसंबंधाचं आहे, तेलंगणात तेच चोरून पळवण्याला पण वापरतात. आरोग्य खात्याची गाडी स्पीकरवर डेंगू डेंगू करत फिरली की गल्लीतली पोरं मागं पळत असतात ती त्यामुळं.

बाडकाव तुमच्याच घरचा शब्द आहे बाई. मराठीतला भाडखाऊ. तसल्या धंद्याच्या भाड्यावर जगणारा. तेलंगणात जाऊन भ चा ब झाला आणि अर्थ उरला फक्त नालायक, बदमाश एवढा. मूळ अर्थ माहीत नसल्यामुळं आमच्याकडची म्हातारी माणसं पण सहज बोलून जातात, नातवाला पण. मराठी घरातल्या पोराला मात्र तो आई-बहिणीवरचा वाटतो.

सीनाकाठ

वरच्या दादांनी तेलुगू सांगितलं, मी कन्नड सांगतो, आमचं घर अक्कलकोट रोडला, आईकडचे सगळे इंडी-विजापूर बाजूचे.

'बायी मुच्चू' म्हणजे तोंड बंद कर. बायी म्हणजे तोंड. तुमचा त्यात काहीच संबंध नाही बाई. उद्धट आहे, मराठीत "तोंड मिट" म्हणल्यासारखं, पण शिवी नाही. आणि तेलंगणातल्या तेलुगूत बायी म्हणजे विहीर, त्यामुळं तुमच्या वर्गात 'बाई' ही हाक तीन घरांत तीन अर्थांनी जाते.

मंग्या म्हणजे माकड, आमच्या उत्तर कर्नाटकातल्या बोलीत. मराठीत मंगेशला लाडानं मंग्या म्हणतात, तिकडं जाऊन म्हणून बघा. 'नायी' म्हणजे कुत्रं, म्हणून मराठी पोरगं "मी नाय, मी नाय" म्हणत उभं राहिलं की कन्नड पोरं हसतात, तो स्वतःच सांगतोय मी कुत्रं म्हणून. 'सायी' म्हणजे मर. शिर्डीच्या साईंशी त्याचा काही संबंध नाही, पण भांडणात "सायी, सायी" ऐकलं तर मराठी माणसाला वाटतं देवाचं नाव घेतोय, आणि समोरचा म्हणत असतो मर एकदाचा. हे मात्र घरात पण चालत नाही, आमची आई यासाठी फटका द्यायची.

आता मगने. मग म्हणजे मुलगा. बेंगळूरकडची कॉलेजची पोरं एकमेकांना 'मगा' म्हणतात, दोस्त या अर्थानं, त्यात काही वाईट नाही. तेच 'मगने' झालं की शिवी, आणि त्याच्याआधी 'बोळी' किंवा 'सूळे' लागलं तर फारच वाईट. सूळे म्हणजे वेश्या. आता गंमत बघा, आपल्याकडं पंढरपूर, सांगोला, मंगळवेढा बाजूला "काय लका" म्हणतात तो लका म्हणजे लेकाच की, लेक म्हणजे मुलगा. म्हणजे मराठीत लेका, कन्नडात मगा, तेलुगूत कोडका, तिन्हीकडं मुलगा हाच शब्द, तिन्हीकडं तो दोस्ताला पण आणि शिवीत पण. मला याचं कारण एकच वाटतं, समोरच्याला लेकरू म्हणायचं म्हणजे आपण बाप व्हायचं, दोस्तीत ते खपतं, भांडणात खपत नाही.

'अवनौन' लई ऐकाल. ते 'अवन अव्वन', म्हणजे त्याच्या आईच्या. बास, पुढं काही नाहीच. मराठीत 'च्यायला', 'आयला', तेलुगूत 'नी यम्मा', हिंदीत 'तेरी माँ की', सगळ्या भाषांनी क्रियापद गिळून टाकलंय आणि आई तेवढी उरलीय. बस सुटली की अवनौन, विकेट पडली की अवनौन, लाईट गेली की अवनौन, समोर माणूस असायची पण गरज नाही. पण एक बारीक गोष्ट आहे ती धरा. 'अवन' म्हणजे त्याच्या, ते हवेत जातं. समोरच्याच्या डोळ्यात बघून 'निन्नौन' म्हणलं की 'तुझ्या' झालं, ते त्याच्या आईवर गेलं. तेलुगूतल्या 'नी' चा अर्थ पण तुझ्या असाच आहे, म्हणून ते कुणाकडं बघून म्हणतोय ते बघायचं. मराठी च्यायला मधला 'तुझ्या' तर पार झिजून गेलाय, त्यामुळं ते आता आजोबा पण म्हणतात.

साधा_पालक

माझं मत वेगळं आहे. बाईंचा हेतू चांगला असेल पण शाळेत हे एवढं खणून काढायची गरज काय? अर्थ कळला की पोरं जास्त वापरतात. आमच्या वेळी गुरुजी अर्थ विचारत नव्हते, कान पिळत होते, आणि आम्ही सुधारलो. सरळ नियम करा, वर्गात फक्त मराठी बोलायचं, प्रश्न मिटला.

मागावरचा_माणूस

दादा राग मानू नका पण नुसतं चिडवल्यावर माझी पोरगी आत्याला तेलुगूत बोलवणार नाही म्हणाली ते वर लिहिलंय बघा, "फक्त मराठी बोलायचं" म्हणलं तर काय होईल. शिव्या बंद होत नाहीत, पोरं घरची भाषा लपवायला लागतात. आणि मराठीत शिव्या कमी आहेत का, पोरं त्या दोन दिवसात शिकतात. बाईंनी अर्थ विचारलेत ते स्वतःला कळायला, फळ्यावर लिहायला नाहीत.

घरकुल_ताई

मी विडी घरकुलला, विडी कामगारांच्या वसाहतीत राहते, बायकांचं बोलणं मी सांगते कारण इथं सगळे पुरुषांच्याच शिव्या सांगायलेत.

आमच्या गल्लीत दुपारी ओट्यावर सगळ्या म्हाताऱ्या मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या असतात, बोटं चालू, नजर सुपात, आणि नातू पळत येऊन तंबाखू सांडून गेला की मान वर न करता तोंड सुरू होतं. तेलुगू आजी म्हणते "सच्चिनोडा", म्हणजे मेलेल्या. शेजारची मराठी आजी म्हणते "मेल्या, मुडद्या". कन्नड आजी म्हणते "निन्न हेणा एत्ता", तुझं मढं उचललं. तेलुगूत "नी पाडे मोय्या", तुझी तिरडी खांद्यावर घेतली. मराठीत "मुडदा बशिवला तुझा". सगळ्यांनी एकाच पोराला मारून, उचलून, तिरडीवर घालून झालं की त्याच पोराला हाक मारून गूळ-शेंगदाणे देतात. ह्या शिव्या बाहेरच्याला ऐकवत नाहीत पण पोराला माहीत असतं की आजी चिडलीय, बाकी काही नाही. बाई, वर्गात पोरं हे आजीकडनं आणतात. ऐकायला भयंकर असलं तरी त्यात घाण नाही, लेकराच्या जिवावर असं बोलू नये एवढंच सांगा.

पण एक शब्द आहे त्यावर मी मनापासून लिहितेय. वर बोळी आली, रांड आली. बोळी म्हणजे काय माहिताय का? केस काढलेली बाई. म्हणजे विधवा. बोळीमगने म्हणजे विधवेच्या पोरा. तेलुगूत 'मुंड', कन्नडात 'मुंडे', मुंडन केलेली, विधवाच. मराठीत 'बोडकी' तेच. रांड हा शब्द संस्कृतातल्या रंडा वरनं आलाय आणि त्याचा अर्थ पण विधवा. बघा म्हणजे, चार भाषांनी ठरवून केल्यासारखं नवरा गेलेल्या बाईला शिवी केलं, आणि मग तीच शिवी वेश्येला लावली, जणू नवरा मेला म्हणजे बाई तीच झाली. तमिळमध्ये तर देवाची सेवा करणारी, देवरडियार, त्या शब्दाची शिवी झालीय. मराठीत बायका बायकांना सटवी, भवानी, अवदसा म्हणतात, त्यातल्या सटवी आणि भवानी दोन्ही देवी आहेत.

माझी आई सव्वीस-सत्तावीस वर्षांची असताना वडील वारले आणि तिनं विड्या वळून आम्हाला मोठं केलं. मला शाळेत बोळीमग म्हणायचे ते खरंच होतं त्या अर्थानं, पण म्हणणाऱ्याला माहीत नव्हतं आणि मला माहीत होतं. कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईत नाभिकांना एकत्र करून विधवांचं मुंडन करणार नाही असं ठरवलं त्याला शंभरहून जास्त वर्षं झाली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं २०२२ साली बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं बंद केलं, ठराव करून. रिवाज मोडायलेत हळूहळू आणि शिवी तशीच राहिलीय. बाई तुमच्या वर्गात पण वडील नसलेली लेकरं असतील. बाकीच्या शिव्यांना जे करायचं ते करा, पण ही एक जात तेवढी पूर्ण थांबवा, आणि थांबवताना का ते पण सांगा.

बार्शीकर_बाई

ताई, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. माझ्या वर्गात आहेत अशी मुलं. बोळी हा शब्द मी आतापर्यंत 'बोळ' म्हणजे गल्ली वगैरेशी काहीतरी असेल म्हणून सोडून देत होते. सोमवारपासून नाही सोडणार.

लष्करवाले_चाचा

अस्सलाम वालेकुम बाई. दखनीचं थोडं मी सांगतो. दखनीत आमचं अर्धं मराठीच आहे, 'नक्को' हा तुमचा नकोच. पोरं 'हौला' म्हणतात त्याचा अर्थ येडा, त्यात शिवी नाही. 'बैगन' म्हणलं तर ते वांगंच, हैदराबादेत घाण शब्दाच्या जागी बैगन घालतात, "क्या बैगन के बाताँ" म्हणजे काय फालतू बोलणं, मोठ्यांसमोर तोंड सांभाळायची ती युक्ती आहे. 'मुर्दार' घरातल्या बायका बोलतात, मेलेलं जनावर, ताईंनी सांगितलेल्या मेल्या-मुडद्याची बहीण समजा.

'साला' बद्दल एक सांगायचंय. साला म्हणजे बायकोचा भाऊ, नातं आहे साधं. पण ज्याला साला म्हणलं त्याच्या बहिणीचं लग्न मी माझ्याशी लावून टाकलं, म्हणून ती शिवी. आता तेलुगू दोस्त एकमेकांना 'बावा' म्हणतात, ते पण मेव्हण्याचंच नातं, आणि त्यात नुसती माया. याचं कारण मला तरी असं दिसतं की त्यांच्याकडं आते-मामे भावंडांत लग्नं होतात, बावा म्हणजे लहानपणापासून घरात खेळलेला माणूस. तिकडं सोयरीक म्हणजे घरातलीच गोष्ट, उत्तरेत सोयरीक म्हणजे मुलगी दिली आणि मान खाली गेली. मुसलमानांत पण चुलत-मामेत लग्नं होतात, तरी साला आमच्याकडं शिवीच राहिला कारण तो उत्तरेतनं भाषेबरोबर आला.

शिळा_शोधक

विषय निघालाच आहे तर आपल्या जिल्ह्यातली एक गोष्ट सांगतो. हत्तरसंग कुडलला भीमा-सीनेच्या संगमावर संगमेश्वराचं देऊळ आहे, तिथला शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा शिलालेख मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांत धरतात. त्यात जी मराठी ओळ आहे ती आशीर्वाद आहे, हे जो वाचेल तो विजयी होईल असा.

आणि त्याच मराठीत पुढच्या काळात दगडावर शिवी पण कोरलीय. गद्धेगाळ म्हणतात त्या दगडांना. वर सूर्य-चंद्र, मध्ये राजानं दिलेल्या दानाचा मजकूर, आणि खाली गाढव आणि बाई यांचं चित्र, कसलं ते सांगायला नको. जो हे दान मोडेल त्याच्या आईला गाढव लागो, असा अर्थ. मुंबईत परळला मिळालेल्या बाराव्या शतकातल्या शिलाहार राजांच्या लेखात तर हे स्पष्ट अक्षरांत पण लिहिलंय, आज वर्तमानपत्र छापणार नाही असं क्रियापद आहे. म्हणजे आईवरची शिवी टपोरी पोरांनी काढलेली नाही, ती राजाज्ञेत होती, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्याला पण कळावी म्हणून चित्रात होती. कन्नड शिलालेखांत अशा ठिकाणी बहुतेक वेळा वाराणसीत कपिला गायी मारल्याचं पाप लागेल असा शाप येतो. एकानं पापाची भीती घातली, दुसऱ्यानं आईची लाज काढली. गाढव मात्र सगळ्यांकडं आहे, तेलुगूत 'गाड्दि कोडका', कन्नडात 'कत्ते', आपल्याकडं गाढवीच्या.

पुण्यातला_सोलापूरकर

मी आयटीत आहे, टीममध्ये सगळ्या राज्यांची पोरं, तिथं एक गोष्ट लक्षात आलीय ती सांगतो. भांडणात मराठी माणूस म्हणतो "काय उपटणारेस?" हिंदीवाला म्हणतो "क्या उखाड़ लेगा?" तेलुगू म्हणतो "एम पीकुताव रा?" कन्नड म्हणतो "एन कित्कोतिया?" तमिळ म्हणतो "एन्न पुडुंगुरे?" सगळ्यांचा अर्थ शब्दशः उपटणे हाच. काय उपटायचं ते कुणी बोलत नाही, तमिळमध्ये तेवढं बोलतात, 'मयिर' म्हणजे केस, आणि कुठले केस ते सगळ्यांना माहीत असतं. त्यामुळं बाई, "काय उपटणार" हे चौथीतलं पोरगं म्हणत असेल तर त्याला वाटत असतं गवत उपटण्यासारखं काहीतरी आहे. टीव्हीवर पण म्हणतात.

अजून एक, उलट्या बाजूचं. आसाममध्ये चुटिया नावाचा जुना समाज आहे, त्यांचं स्वतःचं राज्य होतं सदियाला, तिथल्याच आहोम राजांनी ते सोळाव्या शतकात जिंकलं. तिकडं उच्चार सुतिया असा होतो. पण रोमन अक्षरांत आडनाव लिहिलं की हिंदीतली शिवी दिसते, आणि त्यामुळं फेसबुकनं त्यांची खाती खोटं नाव म्हणून बंद केली होती. शेकडो वर्षांचं नाव असलेल्या माणसाला आपलं नाव खरं आहे हे सिद्ध करत बसावं लागलं. त्या रंडी म्हणणाऱ्या आजींचं वाचताना मला तेच आठवलं.

बार्शीकर_बाई

सगळ्यांचे मनापासून आभार. मी काल वर्गात एक गोष्ट केली. कुणी तक्रार घेऊन आलं की आधी विचारायचं, तो शब्द तुझ्या घरी कुणाला म्हणतात? आजीला म्हणतात का, पाहुण्याला, भावाला, की कुणालाच नाही? मुलं लगेच खरं सांगतात हो. "कुणालाच नाही म्हणत" असं उत्तर आलं की म्हणणाऱ्यालाच कळतं. आणि ज्या मुलाला 'रंडी' वरनं चिडवत होते त्याला मी पुढं बोलावून म्हणलं, मला तुमच्या घरी कसं बोलवशील ते सगळ्यांना म्हणून दाखव. त्यानं दोन्ही हात जोडून, मान वाकवून म्हणून दाखवलं. मग मीच सगळ्यांना विचारलं यात कुणाला शिवी दिसली का. साधा_पालक दादा, अर्थ मी फळ्यावर लिहिला नाही, काळजी करू नका. 'बोळी' बद्दल मी मुलांना वेगळं बसवून सांगितलं, घरकुल ताईंचं नाव न घेता.

आता एकच राहिलं. 'बे'. काय बे, चल बे, थांब बे. मुलं मुलांना म्हणतात तिथवर ठीक, पण एक कन्नड मुलगी तिला न्यायला आलेल्या आईला म्हणाली "बा बे". आईला बे? आई तर हसत होती.

सीनाकाठ

हसणारच बाई. आमच्याकडं बे दोन आहेत. "काय बे" मधला बे हिंदीतल्या अबे वरनं आलाय, बरोबरीच्याला चालतो, मोठ्याला म्हणलं तर उर्मटपणा, आणि मुलीला कुणी म्हणत नाही. उत्तर कर्नाटकातल्या कन्नडात बे हा आईला, मावशीला, आजीला लावायचा. "हूं बे", "याक बे", "यव्वा बे", त्यात जवळीक आहे आणि मान पण आहे, पुरुषाला तो लावतच नाहीत. त्यामुळं मुलगी आईला बे म्हणाली तर ती "ये गं आई" म्हणतेय. तेच तिनं शेजारच्या बाकावरच्या मुलाला "काय बे" म्हणलं तर तो सोलापुरी बे, तिथं तुम्ही टोकू शकता. एखाद्या दिवशी ती तुम्हालाच "यल्लि होगतिरि बे" म्हणाली, कुठं निघालात, तर रागावू नका, तिनं तुम्हाला घरातल्यांत धरलंय.

बार्शीकर_बाई

हे वाचून बरं वाटलं. तिच्या आईला उद्या सांगते, परवा मी तिला टोकलं नाही ते बरं झालं. अजून 'पोट्टी' आणि 'लत्कोर' बद्दल विचारायचंय पण आता पेपर तपासायचेत, रविवारी लिहिते.